पार्श्वभूमी: सीडीएन आणि अर्ध्या वाटेवरचं एचटीटीपीएस

१९९०च्या दशकाअखेरीस सीडीएन (साइटचा मजकूर वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सर्व्हरांची जाळी) आल्या, तेव्हा त्यांच्याकडे चित्रं आणि डाउनलोडच्या फाइली असत. पान साइटचा स्वतःचा, म्हणजे मूळ सर्व्हरच देई. अख्खी साइट सीडीएनमागे ठेवायची पद्धत नंतरची, आणि खरा गुंता तिथूनच सुरू होतो.

सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल, तर फायबरमधून जाऊन-येऊन एका फेरीला किमान १०० मिलिसेकंद लागतात. जोडणी जुळवणाऱ्या टीसीपीची एक आणि ती एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएस १.२ च्या दोन मिळून तीन फेऱ्या झाल्याशिवाय पानाची मागणीच जात नाही. त्या फेऱ्या सीडीएनच्या वाचकाजवळच्या, म्हणजे एज सर्व्हरवर उरकायच्या, तर एन्क्रिप्शनही तिथेच उघडावं लागतं. कॅशिंग (प्रत साठवून ठेवणं) आणि हल्ल्यांची गाळणी यांनाही मजकूर उघडा लागतो.

पुढच्या, म्हणजे एज ते मूळ सर्व्हर या टप्प्याचं काय? २०१४ साली एका मोठ्या सीडीएनने फुकट वापरणाऱ्यांनाही एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रं दिली. मूळ सर्व्हरचं प्रमाणपत्र तेव्हा बहुतेकांना विकतच घ्यावं लागे; म्हणून ब्राउझर ते एज एचटीटीपीएस आणि एज ते मूळ सर्व्हर साधं, एन्क्रिप्शन नसलेलं एचटीटीपी, अशी सवलतही मिळाली. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, हा समर्थकांचा युक्तिवाद. पण ब्राउझरमध्ये कुलूप दिसत असताना पासवर्ड पुढे उघड्यावर जात होता, आणि ते पाहणाऱ्याला कळायची सोय नव्हती. मोफत प्रमाणपत्रं सर्रास मिळू लागल्यावर या सवलतीला सबब उरली नाही.

या सवलतीचं नेहमीचं दुखणं म्हणजे रीडायरेक्टचा फेरा. मूळ सर्व्हर एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसकडे धाडतो, एज पुन्हा एचटीटीपीवरच येतो, आणि शेवटी ब्राउझर हात टेकतो. सर्व्हरवरचा रीडायरेक्ट काढून फेरा थांबतो खरा, पण भोक तसंच राहतं. आधी मूळ सर्व्हरवर वैध प्रमाणपत्र बसवा, एचटीटीपीएसचा ४४३ पोर्ट सुरू करा, मग सीडीएनमध्ये प्रमाणपत्र तपासणारा कडक मोड निवडा.

एजवर मजकूर उघडण्याची जोखीम फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसली. एका सीडीएनच्या एचटीएमएल पार्सरमधल्या चुकीने एका साइटच्या पानांत दुसऱ्यांच्या कुकीज आणि मेमरीतले तुकडे मिसळले. काही तर सर्च इंजिनांच्या कॅशमध्ये जाऊन बसले.

संरक्षणाचं दुसरं भोक जुनंच आहे. मेल त्याच सर्व्हरवर असेल, तर डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) त्याचा आयपी पत्ता कळतो आणि हल्लेखोर सीडीएन टाळून थेट पोचतो. मेल वेगळीकडे हलवा, आयपी बदला, आणि फायरवॉलमध्ये ८० व ४४३ पोर्ट फक्त सीडीएनच्या आयपी रेंजना खुले ठेवा.