पीच-प्लमची झाडं साताऱ्या-सांगलीत का अडतात? थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी जानेवारी आला की नर्सऱ्यांमध्ये पीच, प्लम, जर्दाळू, चेरी असं सगळं दिसायला लागतं, लेबलवर लालबुंद फळाचा फोटो असतो आणि परसात दोन-चार झाडं लावायची हौस असलेली माणसं ती घेऊन जातात. झाड जगतं, पाला पण मस्त येतो, पण चार-पाच वर्षं झाली तरी फळ नाही. मग पाणी कमी पडलं का, खत चुकलं का, असं सुरू होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की नव्वद टक्के वेळा निकाल खरेदीच्या दिवशीच लागलेला असतो, आणि तो का लागतो हे कळायला या झाडांचा प्रवास बघावा लागतो.

पीच मूळचा चीनचा. तिथे यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात माणसाने निवडून वाढवलेल्या पीचच्या साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या कोया सापडल्यात. भारतात तो कसा आला याची एक नोंद ह्युएन त्संगने सातव्या शतकात केलीये, कनिष्काच्या काळात ओलीस म्हणून आलेल्या चिनी लोकांनी पंजाबात पीच आणि नाशपाती आणली असं त्याला तिथे सांगितलं गेलं. पुढे मुघलांच्या काळात काबूलहून गोड चेरी काश्मिरात आली. इंग्रजांच्या काळात 1870 च्या सुमारास कॅप्टन ली यांनी कुलूत बंदरोलला बाग लावली, मग 1887 मध्ये अलेक्झांडर कूट्स यांनी शिमल्याजवळ मशोब्र्याला. म्हणजे ही झाडं भारतात जुनीच, पण सगळी उत्तरेतली, जिथे हिवाळा म्हणजे खरोखर हिवाळा असतो.

इथेच सगळी गोम आहे. या झाडांचे पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे (काडीवरचे कोंब) आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच तयार होतात आणि थंडीआधी झोपी जातात. ती झोप पुरी व्हायला ठराविक तास गारवा लागतो, त्याशिवाय डोळा नीट फुटतच नाही. अमेरिकेत जॉर्जियात वाइनबर्गर यांनी 1950 मध्ये हे तासांत मांडलं, 7.2 अंशाच्या खाली किती तास गेले ते मोजायचं. जुन्या डोंगराळ जातींना असे 700-800 तास आणि काहींना त्याहून जास्त लागतात. नंतर 1974 मध्ये युटात रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दुसरी पद्धत आणली आणि आपल्यासाठी ती जास्त महत्त्वाची आहे, कारण तिच्यात गरम तासांची वजाबाकी पण आहे. साधारण 16 अंशांच्या वर पारा गेला की जमा झालेला गारवा उलट कमी धरायचा. सांगलीत जानेवारीत पहाटे अंगावर काटा येतो हे खरंय, पण दुपारी तीसच्या आसपास जातं ना, म्हणजे पहाटेची कमाई दुपारी खर्च. झाडाच्या खात्यात शिल्लक काही राहत नाही. मग काय होतं, तर फूल एकदम न येता महिनाभर तुरळक तुरळक येत राहतं, डोळे गळतात, पालवी उशिरा आणि फक्त शेंड्याला फुटते.

मग लोक म्हणतात महाबळेश्वरला तरी येईल की! थंड हवेचं ठिकाण आहे, 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम साहेबाने त्यासाठीच वसवलं, सातारच्या छत्रपतींना बदल्यात खंडाळा गाव दिलं, चिनी कैद्यांकडून तिथे भाजीपाला-बटाटे पिकवून घेतले, सगळं खरं. पण उंची जेमतेम 1370 मीटर, समुद्र जवळ, त्यामुळे जानेवारीतली सरासरी किमान 13 अंशांच्या आसपासच असते. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो येतात ते एखाद-दोन पहाटेचे. आणि पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, पीचची मुळं तर पाण्यात चार दिवस उभी राहू शकत नाहीत. स्ट्रॉबेरीने तिथे नाव काढलं, 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती रोपं दरवर्षी नवी लावतात, वीस वर्षं एका जागी उभं राहून तिथलाच हिवाळा सोसायचा प्रश्न तिला येत नाही.

याच अक्षांशांच्या आसपास पीच जमवलेला देश आहे, थायलंड. चियांग माईच्या डोंगरात अफू पिकवणाऱ्या लोकांना गावठी पीचमधून जवळपास अफूइतकाच पैसा मिळतो हे राजा भूमिबोल यांच्या लक्षात आलं आणि 1969 मध्ये रॉयल प्रोजेक्ट सुरू झाला. गावठी पीचचा खुंट ठेवून त्यावर सुधारित जातीचं कलम, असा तिथला मार्ग. अंगखांगचं त्यांचं केंद्र पण 1400 मीटरच्याच आसपास आहे, पण ते समुद्रापासून लांब आणि आपल्यापेक्षा थोडं उत्तरेला, हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो. उंची सारखी म्हणून हवा सारखी असं नसतं.

आपल्या कामाची खरी गोष्ट घडली फ्लोरिडात. तिथेही थंडी कमी, म्हणून तिथल्या विद्यापीठात 1950 च्या दशकात राल्फ शार्प यांनी कमी थंडीवाल्या पीचचं पैदास काम सुरू केलं, दक्षिण चीन-ओकिनावाकडच्या, मुळातच उबदार हवेतल्या झाडांचं रक्त त्यात आणलं. पुढे वेन शर्मन यांनी ते नेलं. त्यातून फ्लोरडासन आली (अंदाजे 300 तास), नंतर 1982 मध्ये फ्लोरडाप्रिन्स, जिला 150 तास पुरतात. फ्लोरडासन पंजाबात आली, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ती मैदानात रुजवली, सहारनपूरला तिचा शरबती या पीचच्याच जातीशी संकर करून सहारनपूर प्रभात काढली. प्लमचं पण तसंच, ल्यूथर बरबँक यांनी 1885 मध्ये जपानहून रोपं मागवली आणि 1906 मध्ये सांता रोझा दिली जी आज हिमाचलात सगळीकडे आहे, पण मैदानासाठी पंजाबात चालते ती सतलज पर्पल. ती स्वतःच्या परागाने धरत नाही, शेजारी काला अमृतसरी ही प्लमची दुसरी जात लागतेच. एकच झाड घेऊन आलात तर हवा कितीही साथ देवो, फळ नाही.

पण एक लक्षात घ्या, लुधियानात जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश असतं आणि धुक्यामुळे दिवसही गार राहतो. तिथली 'कमी थंडीची' जात आपल्याकडे अजूनही जास्तच थंडीची ठरते. म्हणून परसात प्रयोग करायचाच असेल तर मी म्हणेन दीडशे तासांच्या आतबाहेरची जात नावानिशी मागा, नुसतं 'पीच' किंवा 'हिमाचलचं कलम' म्हणून देणाऱ्याकडून घेऊ नका. जर्दाळू आणि चेरीचा तर नादच नको. लवकर पिकणाऱ्या जाती घ्यायचं दुसरं कारण आपला पाऊस, फूल ते फळ अडीच-पावणेतीन महिन्यांत उरकणारी जात मे महिन्यात हाताशी येते, जूनमध्ये फळमाशी आणि कूज दोन्ही सुरू होतात.

जागा म्हणाल तर माण-खटावकडचा माळ, मुरमाड निचऱ्याची जमीन बरी. कृष्णाकाठची काळी, त्यात क्षारपड झालेली, वाळवा-मिरजेकडची, तिथे नकोच.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांकडे आहे जी हिमाचलवाल्याकडे नाही. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला न झोपणारी वेल कशी वागवायची ते पिढीजात माहितीये! द्राक्ष पण थंड देशात हिवाळाभर झोपणारंच, पण आपण एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी आणि डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग (डोळ्यांवर लेप) करून तिला गरम हवेत वळण लावलं. डाळिंबाला पाण्याचा ताण देऊन, पानगळ करून बहार धरतो ते पण त्याच विचाराचं. पीचवर गरम देशांत हीच युक्ती करतात, हिवाळ्याच्या तोंडाला पाणी तोडायचं, पानं हाताने ओरबाडून काढायची, हलकी छाटणी. फक्त छाटणी जपून, कारण पीच गेल्या वर्षीच्या काडीवरच धरतं, ती सगळी कापली तर फूल कुठे येणार. सायनामाइड मात्र घरच्या झाडाला वापरू नका, विषारी आहे, ते बागायतदारांनाच करू दे.

आटपाडी-जतकडे कोणी विचारलं तर मी सरळ बोर सांगते. तेही कोयीचंच फळ, इथल्या मातीतलं, त्याला थंडीचे तास मोजावे लागत नाहीत. जागेवरच गावठी बोराची कोय लावायची, सोटमूळ खोल जातं, मग त्यावर उमराण किंवा मेहरूण या चांगल्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. उन्हाळ्यात ते आपोआप पान टाकून विश्रांती घेतं, तेव्हाच एप्रिल-मेमध्ये छाटणी करायची, आणि पावसाबरोबर येणाऱ्या नव्या फुटीवर फळ धरतं.