कालवफोड्या
कालवफोड्या (शास्त्रीय नाव हिमॅटोपस ऑस्ट्रालेगस) हा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चरणारा, ४० ते ४५ सेंमी. लांबीचा दणकट पक्षी. डोके, छाती व पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र, चोच सरळ व शेंदरी, पाय गुलाबी. उडताना पंखांवरचा रुंद पांढरा पट्टा दुरूनही दिसतो. नर-मादी सारखीच दिसतात, मादीची चोच मात्र किंचित लांब असते. हिवाळ्यात गळ्यावर पांढरी पट्टी उमटते. लहान वयाच्या पक्ष्यांच्या चोचीचे टोक काळपट असते.

युरोपपासून पूर्व आशियापर्यंत याची वीण होते. घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. त्यात बहुधा तीन अंडी असतात आणि ती दोघे मिळून साधारण २४ ते २७ दिवस उबवतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळी पाहुणे येतात. कोकणात अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर ते दिसतात.

या पक्ष्याचे खरे वैशिष्ट्य चोचीत आहे. ती वरून खाली चपटी नसून दोन्ही बाजूंनी दाबलेली असते. शिंपला पाण्यात जरासा उघडा असला की काही पक्षी फटीतून चोच खुपसतात आणि शिंपा मिटवणारा स्नायू कापतात. मग कवच आपोआप सैल पडते. काही पक्षी शिंपला टणक वाळूवर नेऊन एकाच जागी ठोके देत फोडतात. ठोकणाऱ्यांचे टोक बोथट, कापणाऱ्यांचे पटाशीसारखे, तर चिखलातले किडे उपसणाऱ्यांचे अणकुचीदार होते. चोच सतत वाढत व झिजत असल्याने खाणे बदलले की काही आठवड्यांत टोकही बदलते. हे कसब पिलांना लगेच साधत नाही. म्हणूनच इतर बहुतेक किनारी पाणपक्ष्यांच्या पिलांप्रमाणे ती स्वतः चरत नाहीत, आईबाप त्यांना भरवतात.

चरणे ओहोटीला, विसावा भरतीला. पाणी चढले की थवा उंचवट्यावर वाऱ्याकडे तोंड करून, बरेचदा एका पायावर उभा राहतो. पुळणीवर धावणाऱ्या गाड्या व मोकाट कुत्री या वेळी थव्याला पुन्हा पुन्हा उठवतात आणि खाऊन मिळवलेली ताकद उडण्यात खर्च होते. त्यामुळे निरीक्षण दुर्बिणीतून, लांबूनच करावे. थव्याने माना वर काढून ‘क्लीप-क्लीप’ असा तीक्ष्ण गलका सुरू केला, तर तिथूनच मागे फिरावे.

शिंपल्यांची बेसुमार उपसणी हा दुसरा धोका. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात यंत्राने शिंपले खरवडल्याने यांची उपासमार झाली. तिथे २००५ पासून अशा उपसणीला बंदी आहे. २०१५ पासून ही जाती जातींना असलेला नामशेष होण्याचा धोका नोंदवणाऱ्या जागतिक लाल यादीत ‘संकटसमीप’ गटात आहे.