मळ्यावर जेवायला येताय? मग निघायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. नाशिकमधून आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांना बरेचदा वाटतं की शहरातल्या हॉटेलसारखं बसलो की दहा मिनिटात ताट समोर येईल, म्हणून मुद्दाम हे पत्रक छापलंय. आमचं हॉटेल म्हणजे आमचाच द्राक्षाचा मळा, घराची पडवी, आंब्याखाली टाकलेल्या बाजा आणि मागच्या बाजूला चुली. स्वयंपाक आई, काकू आणि वहिनी करतात, वाढायला आम्ही भाऊ. आमची विनंती एकच आहे, फोन करून या आणि किती जण आहात ते सांगा. रविवारी मिसळीला यायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, बाकी दिवशी जेवायला यायचं असेल तर आदल्या दिवशी.

शुक्रवारी का, तर रविवारची मिसळ आमच्याकडे शुक्रवारी रात्रीच सुरू होते. रात्री मटकी भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसायची, सुती फडक्यात घट्ट बांधून टोपलीत ठेवायची, मग उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत छान मोड येतात पण थंडीत येत नाहीत, आणि निफाडकडे पारा एकदम खाली जातो त्या दिवसात तर ते गाठोडं चुलीच्या उबेला ठेवून रात्रभर वाट बघावी लागते. त्यामुळे ऐनवेळी पंधरा जण वाढले तर मटकी वाढवता येत नाही आणि अर्धवट मोडाची आम्ही वाढत नाही. रस्सा काळ्या मसाल्याचा असतो. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर पार काळपट होईपर्यंत भाजतो, त्यात धणे, दगडफूल, लवंग, मिरची वगैरे, हा मसाला उन्हाळ्यात वर्षाचा एकदाच करून ठेवतो. रंग बघून घाबरू नका, लाल तर्रीपेक्षा तो तिखटाला कमी आणि वासाला जास्त आहे. रस्सा कितीही वेळा मागा, त्याचे पैसे नाहीत, पाव मात्र वेगळे. सोबत दही, पापड, कांदा, लिंबू.

जेवणात पिठलं, भरीत, ठेचा, शेवभाजी आणि इगतपुरीकडचा इंद्रायणी भात असतो. भाकरी थंडीत बाजरीची, एरवी नागलीची, म्हणजे नाचणीची, किंवा ज्वारीची. बाजरीचं पीठ ठेवलं की कडू पडतं म्हणून आम्ही लागेल तेवढंच दळून आणतो, आणि नागलीचं पीठ गार पाण्यात मळलं तर थापताना तुटतं म्हणून त्याला उकळतं पाणी घालून उकड काढावी लागते, यात वेळ जातो. चुलीवर एका वेळी एकच भाकरी फुगते, त्यामुळे आठ जणांच्या भाकऱ्या एकदम येणार नाहीत. पहिली ज्याच्या ताटात पडेल त्याने सुरुवात करावी, बाकीच्यांसाठी थांबू नये, गार भाकरीत ती मजा नाही. हिवाळ्यात शेंगोळे आवर्जून मागा. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून आई तळहातावर एकेक वळते आणि लसणाच्या रश्श्यात शिजवते, आमच्या मते आमच्या चुलीवरचा हा सगळ्यात चांगला पदार्थ आहे, पण सांगितल्याशिवाय करत नाही कारण वळायलाच तासभर लागतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी फोनवरच सांगावं, वेगळी भाजी करतो.

द्राक्षं बघायला यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. मे महिन्यात आलेले पाहुणे बाग बघून हिरमुसतात, म्हणून सांगतो. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा मांडव उघडाबोडका दिसतो, पण पुढच्या वर्षीच्या काड्या त्याच वेळी तयार होतात आणि काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो तिथे, घड आहे की नाही ते तिथेच ठरतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी खाण्यासारखं द्राक्ष. बागेत फिरा, फोटो काढा, फक्त हाताने घड तोडून तोंडात टाकू नका, लहान मुलांनाही टाकू देऊ नका. फवारणी झालेली असेल तर ठराविक दिवस ते द्राक्ष खायचं नसतं, आणि कुठल्या ओळीत कधी फवारलंय ते आम्हालाच माहीत असतं. खायची द्राक्षं आम्ही स्वतः तोडून, धुवून देतो.

रस्ता सोपा आहे. अशोकस्तंभावरून गंगापूर रोडने सरळ यायचं, गंगापूर गाव मागे टाकून गिरणाऱ्याच्या दिशेने, पुढचं लोकेशन फोन केला की पाठवतो. टोमॅटोच्या सीझनला, म्हणजे साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत, गिरणाऱ्याच्या मार्केटला कॅरेट भरलेल्या पिकअपची रांग लागते, तेव्हा जरा वेळ हातात ठेवून निघा आणि ओव्हरटेकची घाई करू नका, शेतकऱ्याचा माल असतो तो. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबक रोडला प्रचंड गर्दी असते, त्या बाजूने फिरून येऊ नका.

पावसाळ्यात शेवटचा तुकडा काळ्या मातीचा आहे, टू-व्हीलर घसरते, गाडी डांबरी रस्त्याकडेला लावून चालत या, छत्री घेऊन आम्ही येतो. विहिरीला कठडा आहे तरी लहान मुलांचा हात सोडू नका. दारू आणू नका आणि गाडीत बसूनही पिऊ नका, घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं आहेत, याबाबतीत आम्ही कुणाचंच ऐकत नाही. मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून थोडी कॅश जवळ असू द्या. सोमवारी बंद असतं. फोन नंबर मागच्या बाजूला आहे, दुपारी दोन ते चार सोडून कधीही करा.