गळती शिरेची नव्हतीच

इंदूरच्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिराती रंगत राहिल्या आणि आपल्या मराठी घरांत ‘नपुंसकत्व’ म्हटले की विषय मिटला. चरकसंहितेने क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगताना म्हातारपणाचा प्रकार वेगळा काढला होता. पण आत मांसात काय बदलते, हे कळायला विसावे शतक सरत आले.

१९५२ साली एका युरोपीय शरीररचनातज्ज्ञाने रक्तवाहिन्यांच्या आतल्या उशीसारख्या उंचवट्यांना लिंगाच्या ताठरतेचे श्रेय दिले. कल्पना बरीच वर्षे टिकली. पुढे हे उंचवटे वयोमानाने कडक होत गेलेल्या रक्तवाहिन्यांचेच असल्याचे मानले गेले.

खरा घोळ ऐंशीच्या दशकातला. १९८२-८३ मध्ये इंजेक्शनने ताठरता आणता येऊ लागली, तशी तपासणीही सोपी झाली. रक्त भरते पण टिकत नाही, असे दिसले की निदान ठरलेले: ‘व्हीनस लीक’, शिरांतून गळती. नाव ऐकताच फुटका नळ डोळ्यांपुढे येतो आणि नळ म्हटला की प्लंबर आलाच. शल्यविशारदांनी शिरा बांधायला सुरुवात केली. काही महिने बरे गेले, मग बहुतेकांची तक्रार परतली. माझ्या मते इथे नावानेच दिशाभूल केली. लिंगात रक्त अडवणारी वेगळी तोटी नाही. स्पंजासारख्या कप्प्यांचे अनैच्छिक स्नायू सैल पडतात, कप्पे फुगतात आणि वरच्या जाड आवरणाखाली बारीक शिरा चेपल्या जातात. हे फुगणे हीच तोटी. ऊतीचे नमुने तपासले तेव्हा स्नायू घटलेला आणि त्याच्या जागी कोलाजेन, म्हणजे तंतुमय प्रथिन, वाढलेले आढळले. तंतू माजलेला स्पंज पुरेसा फुगत नाही, म्हणून शिरा मोकळ्या राहतात. त्या बांधून स्पंज कसा सुधारणार?

नव्वदच्या दशकात प्राणवायूचा धागा जुळला. शिथिल अवस्थेत या ऊतीत प्राणवायू कमी असतो, ताठरतेत भरपूर. तो दीर्घकाळ कमी राहिला तर कोलाजेन वाढायला वाव मिळतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने ‘इम्पोटन्स’ऐवजी ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ (ताठरतेतला बिघाड) म्हणा असे सुचवले. आपल्या कायद्यात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये, जुनाच शब्द राहिला.

१९९८ मध्ये आलेली व्हायग्राची गोळी स्नायू सैल पाडणारा रासायनिक निरोप लवकर विरू देत नाही. पण निरोप निघायला मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर शाबूत हवे, ऐकायला स्नायू हवा. मधुमेह तिन्ही पोखरतो, त्यामुळे अशा रुग्णांत गोळी अनेकदा कमी पडते. पोहे-जिलबीच्या आपल्या गावाने हे ऐकायला हरकत नाही.

लिंगाच्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. अरुंद वाहिनी आधी चोंदते. म्हणून आता ही तक्रार घेऊन आलेल्या पन्नाशीतल्या माणसाची साखर, रक्तदाब आणि छातीही तपासतात, आणि तो चक्रावून विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, छातीचा काय संबंध?’