बाप्तिस्मा : तारणासाठी आवश्यक की नाही

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी. तो घेतल्याशिवाय माणसाचे तारण (पापातून सुटका) होते का, यावर ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. (मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ‘बाप्तिस्मा’ हाच शब्द चालतो, कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात.) कोणता पंथ ‘आवश्यक’ या शब्दाचा काय अर्थ लावतो, हे त्याच्या लिखित शिकवणीपेक्षा प्रत्यक्ष विधीत लवकर कळते. पाणी कोणी घालायचे, किती, कोणावर आणि केव्हा, हे पाहावे.

बायबलमधली वचने दोन्ही बाजूंना ओढतात. योहान ३:५ मध्ये पाण्यापासून व आत्म्यापासून जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मार्क १६:१६ च्या पहिल्या अर्ध्यात विश्वास व बाप्तिस्मा दोन्ही आहेत, दुसऱ्या अर्ध्यात दंड मात्र फक्त अविश्वासाला सांगितला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० मध्ये कर्नेल्याच्या घरच्यांवर पवित्र आत्मा आधी उतरतो, पाणी मागाहून येते. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या पश्चात्तापी चोराला स्वर्गाचे वचन मिळाले, त्याला तर पाणी मिळालेच नाही.

आद्य मंडळीपुढे ही अडचण लवकरच उभी राहिली. दीक्षेची तयारी करणारा माणूस बाप्तिस्म्याआधीच छळात मारला गेला, तर त्याचे काय? त्याचे रक्त हाच त्याचा बाप्तिस्मा, असे उत्तर तेर्तुलियन या आद्य ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून मिळते. ३९२ साली रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याविना मरण पावला, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याच्या अंत्यविधीच्या भाषणात सांगितले की त्याने जे मागितले होते ते त्याला मिळाले आहे. यातून ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ ही कल्पना रुजली. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक ठरवला, पण ‘बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा’ अशी वाटही मोकळी ठेवली. आजच्या कॅथलिक शिकवणीनुसार देवाने तारण या संस्काराशी बांधले आहे, मात्र तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना मंडळी देवाच्या दयेवर सोपवते.

बाप्तिस्मा इतका आवश्यक मानल्यामुळेच कॅथलिक मंडळीने तो देणे अगदी सोपे करून ठेवले आहे. एरवी बाप्तिस्मा धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) देतात. पण जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतो. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतो. प्रसूतिगृहातल्या हिंदू किंवा मुसलमान परिचारिकेने दिलेला बाप्तिस्माही पूर्ण वैध ठरतो. मंडळी जे करते तेच करण्याचा तिचा हेतू असला की पुरे.

पाणी खरे हवे : नळाचे, विहिरीचे, पावसाचे, समुद्राचे. रुग्णालयातले निर्जंतुक पाणीही चालते. दूध, तेल, लाळ चालत नाही. पाणी आशीर्वादित असण्याची गरज नाही. किती घ्यावे याचे माप चर्चच्या कायद्यात नाही, चमचाभरही पुरते. मात्र ते कातडीवरून वाहिले पाहिजे. डोक्यावर तीनदा ओतत, ओतणाऱ्यानेच त्याच वेळी म्हणावे : “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो” (किंवा ‘देते’). काचपेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सिरिंजने कोमट पाण्याचे थेंब कपाळावर सोडून कानशिलाकडे ओघळू द्यावेत.

चुका होतात त्या घाईत. ओले बोट नुसते टेकवले जाते. पाणी दाट केसांवर किंवा नळीच्या चिकटपट्टीवरच थांबते. एक जण ओततो आणि दुसरा शब्द म्हणतो. शब्द बदलले तरी विधी फसतो. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून दिलेला बाप्तिस्मा अवैध असल्याचे रोमने २०२० मध्ये जाहीर केले. त्यानंतर अमेरिकेत एका धर्मगुरूचा बालपणीचा बाप्तिस्माच असा निघाला. मग त्याची गुरुदीक्षाही टिकली नाही आणि त्याला सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. चौकशी करूनही शंका उरली तर “तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर” अशी अट घालून शब्द म्हणतात, कारण हा संस्कार दोनदा होत नाही. बाळ वाचले तर पाणी पुन्हा घालायचे नाही; तैलाभ्यंग, शुभ्र वस्त्र आणि मेणबत्ती एवढे राहिलेले विधी चर्चमध्ये उरकायचे. मधली नोंदणी मात्र घरचे हमखास विसरतात. तारीख, देणाऱ्याचे नाव आणि साक्षीदार पॅरिशला (आपल्या भागातल्या चर्चला) लगेच कळवावेत, नाहीतर पुढे लग्नाच्या वेळी दाखला मिळत नाही.

लुथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीतही (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही) बाप्तिस्मा आवश्यक म्हटला आहे. त्यांच्या मते दोष आहे तो बाप्तिस्मा तुच्छ लेखण्यात, न मिळण्यात नाही. धर्मसुधारक कॅल्व्हिनने सुइणींनी घाईघाईने दिलेला बाप्तिस्मा साफ नाकारला, कारण विश्वासणाऱ्यांची मुले देवाच्या करारात जन्मतःच आहेत, मग घाई कसली?

बॅप्टिस्टांच्या दृष्टीने तारण विश्वासाने होते आणि बाप्तिस्मा ही त्याची आज्ञाधारक साक्ष. ज्यांच्या लेखी पाण्यावर तारण अवलंबून नाही, त्यांच्याच अटी सर्वांत कडक आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे : कळते वय, मंडळीपुढे साक्ष, आणि पूर्ण बुडवणे. कमरेच्या वर पाणी असलेल्या हौदात, नदीत किंवा विहिरीत उमेदवाराला पाठीवर आडवे करून एकदाच बुडवतात. तान्हेपणी शिंपडलेले पाणी ते बाप्तिस्म्यात धरत नाहीत. ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे लोक बुडवतात बॅप्टिस्टांसारखेच, पण पापक्षमा त्याच क्षणी मिळते असे मानतात. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आणि क्वेकर हे पंथ पाण्याचा विधी करतच नाहीत. अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) मुक्तिफौजेचे काम जुने असल्याने, बाप्तिस्मा न झालेली पण पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेली घरे मराठी मुलखातही आहेत.

मराठीत हा प्रश्न सर्वांत धीटपणे हाताळला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांनी स्वतः १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. जात आणि घर तुटण्याची भीती अनेकांना पाण्यापाशीच अडवते, हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसू शकत होते. १९१९ मध्ये टिळक वारले.