शून्याची वाट : लिन्नार्ट मॅल आणि तार्तूतला बौद्ध अभ्यास

मराठी मुलाला शून्य दोनदा भेटतं. आधी पाटीवर, एकावर शून्य दहा म्हणताना. मग पुढे कधीतरी एखाद्या अभंगात, जिथे ते आकडा उरत नाही. शब्द मात्र एकच. युरोपातल्या बहुतेक भाषांना ही सोय नाही. तिथे गणितातल्या शून्याला एक शब्द आणि रितेपणाला दुसरा. त्यामुळे बौद्ध ग्रंथांतली शून्यता, म्हणजे कुठल्याच गोष्टीला स्वतःचं असं वेगळं सत्त्व नाही ही कल्पना, तिकडे पोहोचली ती बहुतेकदा ‘रितेपण’ होऊन, आणि बौद्ध धर्म म्हणजे सगळ्याला नकार, असा समज पसरला. १९६५ साली एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाच्या एका लेखसंग्रहात २७ वर्षांच्या तरुणाने रशियन भाषेत लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता ‘शून्याची वाट’. शून्यतेकडे आकड्यातल्या शून्याच्या अंगाने पाहावं, असं त्याचं म्हणणं होतं. स्वतःची किंमत नसलेलं, पण ज्याच्यावाचून १०५ लिहिता येत नाही असं ते शून्य. या तरुणाचं नाव लिन्नार्ट मॅल.

मॅल यांचा जन्म ७ जून १९३८ रोजी टॅलिनमध्ये झाला. ते दोन वर्षांचे असताना सोव्हिएत फौजांनी एस्टोनिया व्यापला. साधारण ११ लाख लोक बोलतात त्या एस्टोनियन भाषेत, त्या कडक राजवटीत, संस्कृत आणि पालीचा अभ्यासक घडला कसा? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

तार्तूला संस्कृत नवीन नव्हतं. यजुर्वेदाची मैत्रायणी संहिता ज्यांनी छापून आणली ते लेओपोल्ड फॉन श्रोडर याच गावचे, आणि ते इथेच शिकवत. पण ती परंपरा जर्मन बोलणाऱ्या उमरावांची होती. बौद्ध अभ्यासाचं मोठं पीठ शेजारी, पीटर्सबर्गला होतं. १८९७ मध्ये तिथे ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ ही ग्रंथमाला सुरू झाली. श्चेरबात्स्कींसारखा पंडित तिथे होता. आपले धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या साखवाळचे, १९२९ साली पाली शिकवायला लेनिनग्राडला (पीटर्सबर्गचंच सोव्हिएत काळातलं नाव) गेले ते याच वर्तुळात. त्यानंतर दहा वर्षांच्या आत ते वर्तुळ उद्ध्वस्त झालं. १९३७ च्या धरपकडीत अभ्यासक पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या, ग्रंथमाला बंद पडली. ती पुन्हा उभी राहिली १९६० मध्ये, तोपोरोव्ह यांनी रशियनमध्ये आणलेल्या धम्मपदाने. या पुनरुज्जीवनामागे असलेले यूरी रोरिख त्याच वर्षी वारले.

मॅल १९६२ मध्ये तार्तूतून इतिहासाचे पदवीधर झाले आणि पुढच्या अभ्यासासाठी मॉस्कोला गेले. पण त्यांना खरं बळ दिलं ते तार्तूने. मॉस्कोपासून दूर असल्यामुळे इथे थोडी मोकळीक होती. यूरी लोटमन हे तिथले प्राध्यापक चिन्हशास्त्राचे, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो याच्या अभ्यासाचे, अंक काढत होते, आणि मॉस्कोत ज्याला जागा मिळत नव्हती असं पुष्कळ लिखाण त्यांत छापलं जाई. पालीचे जाणकार अलेक्झांडर प्याटिगोर्स्की त्यांत लिहीत. गावात पेन्त नुर्मेकुंद पौर्वात्य भाषा शिकवत, आणि उकू मासिंग हे कवी आणि धर्मशास्त्रज्ञ कितीतरी भाषांतले धर्मग्रंथ मुळातून वाचत बसलेले असत.

मॅल यांनी आयुष्यभर धरून ठेवलेला ग्रंथ म्हणजे अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता, शून्यतेवरचा महायान बौद्धांचा संस्कृत ग्रंथ. त्याची सुरुवात नीट पाहण्यासारखी आहे. राजगृहाजवळच्या गृध्रकूट डोंगरावर सभा भरली आहे. बोधिसत्त्वांनी, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असलेल्यांनी, प्रज्ञापारमितेत, म्हणजे प्रज्ञेच्या पूर्णत्वात, कसं शिरावं हे सांग, असं बुद्ध आपल्या सुभूती या शिष्याला म्हणतात. सुभूती म्हणतो, ‘बोधिसत्त्व’ हे नाव ज्या वस्तूचं आहे ती वस्तूच मला दिसत नाही, तर मी कोणाला काय शिकवू? आणि लगेच पुढे म्हणतो, की हे ऐकून ज्याचं चित्त खचत नाही, दचकत नाही, भिऊन मागे सरत नाही, त्यालाच हे शिकवावं. म्हणजे पहिल्याच पानावर ग्रंथ ऐकणाऱ्याला पारखायला लागतो. मॅल यांच्या विचाराचं मर्म मला इथे सापडतं. ग्रंथ ही माहितीची पेटी नाही, ती वाचणाऱ्याच्या मनात काहीतरी घडवून आणणारी यंत्रणा आहे, असं ते मानत. ‘धर्म’ या शब्दाचा एक अर्थच त्यांनी ‘संहिता’, म्हणजे ग्रंथाचा मजकूर, असा लावला. १९८५ मध्ये मिळालेली त्यांची संशोधन-पदवी याच ग्रंथावर आहे. हाच ग्रंथ १९६० साली प. ल. वैद्य यांनी नागरीत संपादून दरभंग्याहून प्रसिद्ध केला होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

मध्ये मात्र फार वाईट वर्षं गेली. सायबेरियातल्या बुर्यात प्रांतातले बौद्ध आचार्य बिदिया दांदारोन यांच्याकडे लेनिनग्राड, तार्तू इथून तरुण अभ्यासक जात, मॅलही त्यांतले. १९७२ मध्ये ‘धार्मिक टोळी’ चालवल्याच्या आरोपाखाली दांदारोनना अटक झाली आणि १९७४ मध्ये ते छावणीतच वारले. त्याच वर्षी प्याटिगोर्स्की देश सोडून गेले. या प्रकरणाची झळ लागून मॅल यांचं शिकवणं थांबलं. विद्यापीठात राहिले, पण वर्गाबाहेर.

आणि तरीही याच काळात त्यांच्या हातून सगळ्यात मोलाचं काम झालं. १९७७ मध्ये धम्मपद, १९७९ मध्ये लाओत्सेचा चिनी ग्रंथ दाओ दे जिंग, १९८० मध्ये भगवद्गीता, १९८२ मध्ये बोधिसत्त्वाच्या आचाराविषयीचा शांतिदेवाचा बोधिचर्यावतार. चारही एस्टोनियनमध्ये, रशियनचा मधला टप्पा टाळून थेट पाली, चिनी आणि संस्कृतातून. धम्मपद आणि गीता आल्या त्या ‘लोमिंगू रामातुकोगू’ या मालेत, पातळ कागदी पुठ्ठ्याच्या, खिशाला परवडणाऱ्या पुस्तिकांच्या रूपात. ज्या माणसाला वर्गात उभं राहू दिलं नाही, तो असा घराघरात पोहोचला. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा मराठीचंही काहीतरी झालं, हे आपण जाणतो. छोट्या भाषेत मोठा ग्रंथ मुळातून येतो तेव्हा ग्रंथापेक्षा त्या भाषेचाच लाभ अधिक होतो.

मॅल पुढे राजकारणात उतरले ते बऱ्याच जणांना वेगळं वळण वाटतं. मला तसं वाटत नाही. १९८८ मध्ये सोव्हिएत काळात बंद पडलेली एस्टोनियाची पौर्वात्य विद्या परिषद पुन्हा उभी राहिली, त्यात ते पुढे होते. ११ फेब्रुवारी १९९१ रोजी हेगमध्ये एक संघटना स्थापन झाली, जागतिक व्यासपीठावर ज्यांना प्रतिनिधित्व नाही अशा राष्ट्रांची आणि जनसमूहांची. तिची कल्पना आकाराला आली त्यात तार्तूचा आणि मॅल यांचा मोठा हात होता. त्या यादीत तिबेट होतं, आणि एस्टोनियाही होता. सप्टेंबर १९९१ मध्ये एस्टोनिया संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. तिबेट त्या यादीतच राहिलं. पुढच्याच महिन्यात दलाई लामा पहिल्यांदा एस्टोनियात आले, आणि ती भेट घडवून आणणाऱ्यांत मॅल होते.

त्यांचा ‘शून्य आणि अनंताच्या मध्ये’ अशा नावाचा निबंधसंग्रह १९९८ मध्ये निघाला. अष्टसाहस्रिकेवरचं इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये तार्तूत छापलं गेलं आणि दोन वर्षांनी दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदासने ते भारतात काढलं. १४ फेब्रुवारी २०१० रोजी मॅल तार्तूतच वारले.