आधी पिलूचं झुडूप शोधा, मग फुलपाखरू

कच्छच्या रणाकाठी उन्हाळ्यात सगळं करपतं, तेव्हाही खारट जमिनीवर पिलूचं झुडूप हिरवंगार उभं असतं. दात घासायची मिसवाकची काडी याचीच. पान चावलं की जिभेला मोहरीसारखा झणका लागतो. ‘स्मॉल सालमन अरब’ या फुलपाखराची ओळख त्या झणक्यापासून सुरू होते, कारण त्याची अळी याच पानांवर वाढते.

झुडपाभोवती जमिनीलगत काहीतरी गुलाबीसर झपकन जातं. उडताना ओळखायच्या फंदात पडू नये, बसेपर्यंत थांबावं. पंख मिटले की फिकट हिरवट-पिवळी बाजू तेवढी दिसते. उन्हाला पंख उघडले, की आत पिकल्या पेरूच्या गराचा रंग आणि कडेला रुंद काळी किनार, तिच्यात गुलाबी ठिपके! आता नजर मागच्या पंखावर ठेवा. किनार सलग काळी आणि पंखाच्या वरच्या कडेलाही काळा पट्टा असेल, तर हेच ते. किनारीऐवजी नुसते सुटे काळे ठिपके असतील, तर तो ‘लार्ज सालमन अरब’. मादी मात्र चकवते. ती कधी गुलाबी, तर कधी पांढरट असते, आणि पिलूवरच वाढणारं ‘व्हाइट अरब’ही पांढरंच! शिवाय कोरड्या ऋतूतल्या पिढीत काळा रंग कमी असतो. म्हणून फोटोबरोबर महिना नोंदवायलाच हवा.

मोहरीचा झणका हे खरं तर झाडाचं हत्यार. पान चिरडलं की आतली दोन वेगवेगळी साठवलेली द्रव्यं एकत्र येऊन झोंबरं तेल तयार होतं आणि बहुतेक किडे दूर राहतात. याच कुळातल्या, कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत एक प्रथिन सापडलंय. ते ही रासायनिक क्रिया मध्येच वळवून कमी विषारी पदार्थ बनवतं. त्या पांढऱ्या फुलपाखराची मादी तर त्या द्रव्यांवरूनच अंडी घालायचं पान ओळखते. एवढ्याशा जिवाचं हे रसायनशास्त्र मला थक्क करतं.

कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने १७७५ साली या गुलाबी फुलपाखराला शास्त्रीय नाव दिलं, आज ते ‘कोलोटिस अमाटा’. भारतातल्या कोरड्या झुडपी माळांवर ते दिसतं. अशा माळांना आपण ‘पडीक’ म्हणतो, याचं वाईट वाटतं. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ भागात १९६०च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ आता मैलोन्‌मैल पसरलीय, आणि तिच्या पानांवर ही अळी जगत नाही.

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठीही तिवरांच्या मागे पिलू उगवतो. सकाळचं ऊन चढलं की त्याच्याजवळ थोडा वेळ उभं राहा.